मेघातले दफ्तर

खानदेशात ‘ढग’ हा शब्द सहज उच्चारण्याचा नव्हे. मृग लागला की तापीकाठच्या रावेर-यावलपासून पांझरेकाठच्या धुळ्यापर्यंत घरटी एकदा तरी मान वर होते आणि आकाशाचा अदमास घेतला जातो. ढग आला, ढग गेला, ढग नुसताच दाटून राहिला, यावर या मुलखातील पेरण्या, कर्जे आणि लग्ने ठरत आलेली आहेत. अशा ठिकाणी, जळगावच्या एखाद्या मोबाइलच्या दुकानात नवा फोन घ्यावयास आलेल्या वयस्क शेतकऱ्यास दुकानातला पोरगा जेव्हा निश्चिंतपणे सांगतो, “काका, काळजी करू नका, तुमचे सगळे फोटो क्लाउडमध्ये आहेत,” आणि क्लाउड म्हणजे ढग असा खुलासाही वर करतो, तेव्हा काकांच्या मुद्रेवर उमटणारा अविश्वास अज्ञानातून आलेला नसतो. तो दीर्घ अनुभवातून आलेला असतो. “ढगात म्हणजे नेमकं कुठं रे भाऊ? आणि ढग पांगला म्हणजे?”

या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे पुष्कळ शिकलेल्या माणसांसही देता येत नाहीत. त्यांच्या जोडीला तिसरा प्रश्न नेहमी येतो: गूगलला विचारले की उत्तर मिळते, पण गूगलला ते कोण सांगते? प्रस्तुत प्रकरणात या तिन्ही प्रश्नांचा विचार करू.

१. एका सकाळचा हिशेब

रावेर तालुक्यातील एखाद्या केळीबागायतदाराची सकाळ डोळ्यांपुढे आणू. चहा होण्यापूर्वी तो केळीचा आजचा भाव पाहतो, मग हवामानाचा अंदाज पाहतो. मृगबागेतील पानांवर आलेल्या ठिपक्यांचे छायाचित्र काढून ते पुण्यास शिकणाऱ्या पुतण्याकडे धाडतो. सोसायटीच्या कर्जासाठी लागणारा सातबाराचा उतारा, ज्याच्यासाठी त्याच्या वडिलांस तलाठ्याच्या सज्जावर खेटे घालावे लागत, तो पंधरा रुपये भरून ओसरीवर बसल्या बसल्या उतरवून घेतो, कारण डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून शासनाने उपलब्ध करून दिलेला आहे. आणि उभ्या पिकाची नोंदही, १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या योजनेनुसार, बांधावर उभा राहून तो स्वतःच करतो.

आता या कामांत त्याच्या फोनने स्वतः काय केले, याचा हिशेब मांडला तर तो फार थोडा निघतो. भाव फोनमध्ये नव्हता, हवामान नव्हते, सातबाराही नव्हता. मामलेदार कचेरीत ज्याप्रमाणे नक्कल मागण्याची एक खिडकी असते आणि दफ्तर आत कुठे तरी दूरच्या खोलीत असते, त्याप्रमाणे फोन ही केवळ खिडकी होय. खिडकीशी आपला परिचय दाट असतो म्हणून दफ्तर तिच्यातच आहे असे वाटू लागते, आणि ‘ढगा’विषयीचा सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

२. रुमाल आणि सूची

दफ्तर म्हणजे काय हे समजून घेण्यास धुळ्याइतके योग्य गाव शोधून सापडणार नाही. ज्या गावी ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा देहान्त झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले, त्या गावाने कागद जपण्याचा वारसा शिरावर घेतलेला आहे. गावोगावी पायपीट करून, जुन्या घराण्यांची मनधरणी करून, माळ्यावर वाळवीच्या तोंडी पडलेले कागद राजवाड्यांनी गोळा केले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून जमवून श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात त्यांस आश्रय दिला.

या थोर पुरुषांच्या उद्योगाकडे नीट पाहिले तर त्यात दोन भिन्न कामे दिसून येतात. एक रक्षणाचे: कागद हरवू नये, कुजू नये, जळू नये. दुसरे शोधाचे: हवा तो कागद हवा तेव्हा सापडावा. जुन्या दफ्तरांत कागद रुमालांत बांधून ठेवीत. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात गाठ मारलेला गठ्ठा. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत, आणि रियासतकार सरदेसाई यांनी त्यांतील केवळ निवडक कागद छापावयाचे म्हटले तरी पंचेचाळीस खंड लागले. रुमाल सुरक्षित आहेत, पण कोणत्या रुमालात काय आहे याची सूची नाही, अशा स्थितीतील दफ्तर सावकाराने पुरलेल्या, पण जागा न सांगता वारलेल्या, धनासारखे असते. उलटपक्षी सूची उत्तम आहे, पण रुमालच उंदरांनी खाल्ले, तर त्या सूचीस केवळ शोकपत्रिकेची किंमत उरते.

आजच्या भाषेत रक्षणाचे काम ‘क्लाउड’कडे गेले आहे आणि शोधाचे काम ‘सर्च’कडे. या दोहोंची गल्लत न करता एकेकाचा विचार करू.

३. पेव आणि वखार

पूर्वी शेतकरी आपले धान्य आपल्याच पेवात साठवी. पेव त्याचे, जमीन त्याची, आणि पेवात पाणी शिरले तर नुकसानही त्याचेच. पुढे वखारी आल्या. आज राज्य वखार महामंडळाच्या गोदामात धान्य ठेवले की पावती मिळते, भाडे आकारले जाते आणि राखण दुसरा करतो. संगणकांच्या बाबतीत हेच घडले. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जळगावच्या एखाद्या पतपेढीस हिशेब संगणकावर ठेवावयाचा असेल तर ती स्वतःचा संगणक विकत घेई, त्यासाठी थंड खोली बांधी, आणि तो बिघडला की शहरातल्या एकुलत्या एका जाणकाराची वाट पाहत बसे. आता ती पतपेढी एखाद्या मोठ्या कंपनीच्या संगणकांवरील थोडी जागा आणि थोडे बळ भाड्याने घेते. या भाड्याच्या व्यवस्थेचे नाव क्लाउड. अभियंते आपल्या आराखड्यांत दूरच्या, तपशील न दाखवलेल्या जाळ्याच्या जागी ढगाची आकृती काढीत, ती आकृतीच पुढे नाव होऊन बसली. भारत सरकारनेही २०१४ साली आपल्या अशा व्यवस्थेस ‘मेघराज’ असे भारदस्त नाव दिले.

केवळ जागा भाड्याने मिळते एवढाच लाभ असता तर ही पद्धत इतकी रूढ झाली नसती. तिचा दुसरा गुण लग्नाच्या भांड्यांवरून ध्यानात येईल. घरी पाच माणसे जेवतात, पण मुलीच्या लग्नात पाचशे पाने उठतात. म्हणून कोणी शहाणा माणूस पाचशे ताटे विकत घेऊन उरलेले वर्षभर घासत बसत नाही. तो ती दोन दिवसांकरिता भाड्याने आणतो. दहावीचा निकाल ज्या दिवशी लागतो त्या दिवशी एका घटकेत लक्षावधी मुले एकच पान उघडू पाहतात, आणि दुसऱ्या दिवशी तेथे शुकशुकाट असतो. अशा वेळी दोन दिवसांकरिता शंभर संगणक वाढवून घ्यावेत आणि नंतर परत करावेत, ही सोय क्लाउडमध्ये असते. निकालाच्या दिवशी एखादे संकेतस्थळ कोसळते तेव्हा, बहुधा, ताटे कमी मागवलेली असतात.

मात्र वखारीची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. धान्याचे पोते एकाच गोदामात असू शकते. कागदाच्या नकला हव्या तितक्या करता येतात, आणि चांगल्या क्लाउडमध्ये आपल्या एका छायाचित्राच्या एकाहून अधिक नकला वेगवेगळ्या यंत्रांवर, पुष्कळदा वेगवेगळ्या इमारतींत, ठेवलेल्या असतात. म्हणून एक यंत्र बंद पडले तरी आपणांस त्याचा पत्ता लागत नाही.

जागेचे माप किती, हेही एकदा पाहून घेऊ. गूगलच्या खात्यावर विनामूल्य जागा १५ गीगाबाइट मिळते, म्हणजे सुमारे १५ हजार मेगाबाइट. एक छायाचित्र ३ मेगाबाइटचे धरले तर भागाकार ५ हजार येतो. एका लग्नात ५०० छायाचित्रे काढली गेली, तर दहा लग्नांत ही वखार भरते, आणि खानदेशातील एका मोठ्या भाऊबंदकीस दहा लग्ने म्हणजे दोन उन्हाळ्यांचे काम. पुढे भाडे सुरू होते.

४. हा मेघ जमिनीवरचा आहे

आता काकांच्या मूळ प्रश्नाकडे येऊ: नेमके कुठे? उत्तर असे की, जमिनीवर, भक्कम भिंतींच्या आत, पहाऱ्यात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे, ॲमेझॉनने २०१६ साली मुंबईत आणि गूगलने २०१७ साली मुंबईत आपल्या क्लाउड सेवेची केंद्रे सुरू केली; ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे एके काळी रासायनिक कारखान्यांच्या धुराड्यांची रांग होती, तेथे आज ऐरोली-महापे परिसरात संगणकांच्या कपाटांनी भरलेली प्रचंड गोदामे उभी आहेत. समुद्राखालून येणाऱ्या अनेक तारा मुंबईच्या किनाऱ्यास लागतात, हे त्या स्थानाचे महत्त्व.

जळगावाहून तेथपर्यंत निरोप जातो तो काचेच्या केसासारख्या तंतूतून, प्रकाशाच्या रूपाने. रेल्वेची रेलटेल ही कंपनी असे तंतू लोहमार्गांच्या कडेने नेत आली आहे. निरोप अखंड जात नाही, त्याचे लहान लहान तुकडे केलेले असतात. सावदा किंवा रावेर स्थानकावरून केळी जशी वाघिणी-वाघिणींत भरून दिल्लीस रवाना होत आणि प्रत्येक वाघिणीवर पत्ता असे, तसा प्रत्येक तुकड्यावर पत्ता आणि अनुक्रमांक असतो, आणि मुक्कामी पोहोचल्यावर क्रम लावून मूळ निरोप पुन्हा सिद्ध होतो.

वेळ किती लागतो? काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात दोनशे किलोमीटर, धावतो. जळगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. तेव्हा जाऊन-येऊन ८४० किलोमीटरांस सेकंदाचे हजारावे भाग चारच्या थोडे वर लागतील. हेच दफ्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, समजा १३ हजार किलोमीटरांवर असते, तर जाण्या-येण्यास १३० भाग लागले असते. वाटेतील यंत्रांचा विलंब यात धरलेला नाही, पण प्रमाण ध्यानात यावे. एका छायाचित्रापुरता हा फरक कोणास जाणवणार नाही. परंतु एक पान उघडताना असे हेलपाटे अनेक घालावे लागतात, म्हणून परदेशी कंपन्यांनी आपली दफ्तरे मुंबई-पुण्यास आणली.

या गोदामांचा श्वास म्हणजे वीज. यंत्रे चालवण्यास वीज, आणि यंत्रे तापतात म्हणून ती थंड ठेवण्यास पुन्हा वीज, पुष्कळ ठिकाणी पाणीही. महाराष्ट्राच्या ज्या वीजजाळ्यावर ही गोदामे विसंबून आहेत, त्याच जाळ्यात भुसावळजवळच्या दीपनगरचे औष्णिक केंद्र आणि साक्री तालुक्यातील शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आपली वीज ओततात. तेव्हा मेघाचा जळगाव-धुळ्याशी काही संबंध नाही असे म्हणता येत नाही. नवी मुंबईतल्या मेघास लागणाऱ्या इंधनाचा काही वाटा या दोन जिल्ह्यांतूनच निघतो.

५. हरकारे, सूची आणि शिफारस

रक्षणाचा भाग झाला, आता शोधाचा. एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. आपण गूगलमध्ये ‘केळी करपा’ असे लिहितो तेव्हा तत्क्षणी कोणी जगभर धावत जाऊन कागद चाळीत नाही. धावपळ आधीच होऊन गेलेली असते. मराठेशाहीत बातमी आणण्यासाठी हरकारे फिरत. गूगलची यंत्रेही तशीच अहोरात्र एका पानावरून दुसऱ्या पानावर जातात, जे दिसेल ते वाचतात, त्यातील दुव्यांवरून पुढच्या पानावर जातात, आणि वाचलेल्याची नोंद मुख्य कचेरीत आणून टाकतात. तेथे त्या नोंदींची सूची होते. आपण शोधतो ती ही सूची.

सूची कशी होते, हे तीन कागदांच्या लहानशा दफ्तरावरून पाहू. पहिला कागद: ‘केळीवरील करपा रोगाचे नियंत्रण’. दुसरा: ‘रावेर बाजारातील केळीचे भाव’. तिसरा: ‘भाकरी करपू नये म्हणून काय करावे’. आता प्रत्येक शब्दापुढे तो ज्या कागदांत आला त्यांचे क्रमांक लिहू. केळी: १, २. करपा: १. भाव: २. भाकरी: ३. कोणी ‘केळी करपा’ मागितले की पहिल्या ओळीतील १ व २ आणि दुसऱ्या ओळीतील १ यांत समाईक क्रमांक कोणता, एवढेच पाहावयाचे. उत्तर १. तीन कागदांचे दफ्तर असो वा अब्जावधी कागदांचे, मूळ युक्ती हीच.

पण चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल की पहिल्या कागदात ‘केळी’ असा सुटा शब्द नाहीच. तेथे ‘केळीवरील’ आहे, दुसऱ्यात ‘केळीचे’ आहे. आपल्या भाषेत नाम एकटे फिरत नाही, विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये अंगावर घेऊनच बाहेर पडते. म्हणून यंत्रास प्रत्यय सोलून मूळ शब्द काढण्याची विद्या शिकवावी लागते, आणि ती विद्या बेताची असली की यंत्र ‘करपा’ आणि ‘करपू’ यांस एकाच कुळातले समजून, बागेवरील रोगाने चिंतित झालेल्या माणसापुढे जळक्या भाकरीचा कागद ठेवते.

यानंतर खरी पंचाईत येते. जुळणारे कागद तीन असते तर प्रश्न नव्हता. ते तीस हजार निघतात. वर कोणता ठेवावा? स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी १९९८ साली गूगल कंपनी स्थापन केली, तेव्हा त्यांची मुख्य युक्ती शिफारशीची होती. एका पानाने दुसऱ्याचा दुवा दिला की ती एक शिफारस मानावयाची; आणि शिफारस करणाराच्या स्वतःच्या प्रतिष्ठेवरून तिचे वजन ठरवावयाचे. समजा, केळीच्या करप्यावरील एका पानाची शिफारस राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने केली, आणि दुसऱ्या पानाची दहा अनोळखी पानांनी केली, ज्यांची शिफारस स्वतः कोणीच केलेली नाही. विद्यापीठाचे वजन ५० आणि अनोळखी पानाचे १ धरले, तर हिशेब ५० विरुद्ध १० असा होतो, आणि दहा जणांचा गलबला एका जाणत्याच्या शब्दापुढे फिका पडतो. गावात जामीन पाहताना आपण हेच करतो. आज या मूळ युक्तीत शेकडो अन्य विचारांची भर पडली आहे. विचारणारा कुठे आहे, कोणत्या भाषेत विचारतो, पान किती ताजे आहे, हेही पाहिले जाते.

६. जे लिहिलेच नाही

हरकारा कितीही चपळ असला तरी जे लिहिलेलेच नाही ते तो कोठून आणणार? असोद्याच्या माहेरच्या आणि जळगावच्या सासरच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. घरोट्यावर आणि शेतात त्यांच्या मुखातून निघालेल्या ओव्या घरातल्या माणसांनी टिपून घेतल्या नसत्या, पुत्र सोपानदेव यांनी त्या आचार्य अत्र्यांपुढे ठेवल्या नसत्या आणि १९५२ साली त्यांचे पुस्तक निघाले नसते, तर आज जगातील कोणत्याही शोधयंत्रात त्यांचे नाव टाकून काही हाती लागले नसते. आणि मग उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या नावात तरी ते कोठून येते?

यातून घ्यावयाचा बोध नेमका आहे. शोधात काही सापडले नाही म्हणजे ते अस्तित्वातच नाही, असा समज सुशिक्षितांत झपाट्याने पसरतो आहे. अहिराणीत घरोघरी बोलले जाते त्या मानाने लिहिले फार थोडे जाते. म्हणून अहिराणीतील म्हण शोधू जाता यंत्र गप्प बसते किंवा हिंदीकडे बोट दाखवते. कळण्याची भाकरी कशी थापावी याविषयी यंत्राहून आजीस अधिक ठाऊक असते, आणि आजी कोणत्याही सूचीत नाही.

७. खर्च कोण सोसतो?

एवढा खटाटोप करून गूगल आपणांकडून पैसा मागत नाही, हे पाहून सज्जनांस कृतज्ञता आणि संशयी माणसांस भय वाटते. दोघांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखाकडे पाहावे. पाटणादेवीच्या परिसरातील तो लेख इसवी सन १२०७ मधील असून भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ आदी ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, आणि त्या मठास काय काय उत्पन्न लावून दिले, याची नोंद त्यात आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृत. पण बाजारात विकावयास येणाऱ्या मालावरील आणि तेलाच्या घाण्यावरील हक्कांचा मजकूर तत्कालीन मराठीत, कारण तो बाजारातल्या माणसांस कळणे अवश्य होते. ज्ञान विद्यार्थ्यास फुकट मिळे, आणि त्याचा खर्च बाजार सोसी.

शोधयंत्राची व्यवस्थाही याच घाटाची आहे. २०२४ साली गूगलच्या मातृसंस्थेस, अल्फाबेटला, सुमारे ३५० अब्ज डॉलरांचे उत्पन्न झाले आणि त्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जाहिरातींचा होता. आपण ‘ठिबक संच’ असे शोधताच, त्या शब्दांपाशी आपली पाटी लागावी म्हणून व्यापाऱ्यांत क्षणार्धात लिलाव होतो आणि विजेत्याची पाटी ‘प्रायोजित’ अशा बारीक अक्षरांखाली वर येते. पाटणच्या मठाहून येथे एक भेद मात्र आहे, आणि तो लहान नाही: तेल्याचा घाणा मठास कर देई, पण मठात प्रथम कोणता श्लोक शिकवावा हे सांगण्याचा अधिकार त्यास नव्हता. येथे पैसा देणारा पहिल्या ओळीत उभा राहू शकतो. भामट्यांनी हे चांगले ओळखले आहे. बँकेचा मदत क्रमांक म्हणून शोधात मिळालेल्या बनावट क्रमांकावर फोन करून फसलेल्यांची उदाहरणे देशभर आहेत. तेव्हा बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा, आणि फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

८. ढग पांगला तर?

काकांचा दुसरा प्रश्न हा. मेघ पांगतो, आणि तो तीन प्रकारांनी पांगतो.

पहिला प्रकार: दफ्तर शाबूत, पण दरवान ओळख देईना. १४ डिसेंबर २०२० रोजी सायंकाळी जीमेल, यूट्यूब आणि गूगल ड्राइव्ह सुमारे पाऊण तास बंद पडले. कोणाचे एक अक्षर नष्ट झाले नव्हते. ओळख पटवणाऱ्या यंत्रणेस लागणारी जागा एका स्वयंचलित व्यवस्थेने चुकीने तोडली होती. किल्लीदाराचीच खोली काढून घेतल्यावर सारा वाडा बंद.

दुसरा प्रकार: दफ्तर शाबूत, दरवानही हजर, पण वाटच पुसली गेली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुरुस्तीच्या वेळी दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची यंत्रे जगाच्या नकाशावरून सुमारे सहा तास अदृश्य झाली. धुळ्यास येऊन मिळणाऱ्या सर्व महामार्गांवरील पाट्या एका रात्रीत काढून टाकाव्यात, तसे ते झाले. गाव जागेवर होते, गाड्या पोहोचत नव्हत्या.

तिसरा प्रकार खऱ्या नाशाचा. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहिती केंद्रास विजेच्या बॅटऱ्यांपासून आग लागली आणि सरकारी नोकरांच्या कामाच्या कागदांचे ८५८ टेराबाइटांचे दफ्तर भस्मसात झाले. त्याचा आकार फार मोठा म्हणून बाहेर दुसरी नक्कल ठेवलेलीच नव्हती. तंत्रविद्येत अग्रेसर म्हणून ज्या देशाचा लौकिक, त्या देशाच्या सरकारी दफ्तराची ही गत. मेघ एकाच इमारतीत असेल तर ते पेवच होय, फक्त ते दुसऱ्याच्या अंगणात आहे.

या तिहींत भर घालावयाची ती आपल्या घरगुती संकटाची: परवलीचा शब्द विसरणे, फोनचा क्रमांक बदलणे, किंवा ज्याच्या नावे खाते होते तो माणूस निवर्तणे. मोठ्या आगी क्वचित लागतात. किल्ली हरवण्याचा प्रसंग घरोघरी येतो.

९. बखर आणि पत्र

उपाय फार अवघड नाहीत. रक्षणासाठी जाणकारांचा ‘तीन-दोन-एक’ हा नियम आहे: महत्त्वाच्या वस्तूच्या तीन प्रती, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. लग्नाची छायाचित्रे फोनमध्ये आहेत ही एक प्रत, क्लाउडमध्ये ही दुसरी आणि घराबाहेरची; एखाद्या पेनड्राइव्हवर वा हार्ड डिस्कवर उतरवून कपाटात ठेवली की तिसरी झाली. जमिनीचा उतारा, मुलांची गुणपत्रके, विम्याचे कागद यांची छापील प्रत ट्रंकेत असावी. परवलीचे शब्द कोठे नोंदले आहेत हे घरातील आणखी एका विश्वासू माणसास ठाऊक असावे.

शोधासाठी नियम धुळ्याकडूनच घ्यावा. बखर कितीही रसाळ असली तरी राजवाडे प्रसंगाच्या काळात लिहिलेल्या अस्सल पत्रास अधिक मान देत, आणि पत्रही तपासून घेत. शोधयंत्राने वर दाखवलेला सारांश, अथवा अलीकडे यंत्राने स्वतः रचून दिलेले सफाईदार उत्तर, ही बखर समजावी. तिचा अव्हेर करू नये, पण तिच्याखालील दुवा उघडून मूळ पान कोणाचे, कोणत्या तारखेचे, आणि ते सांगण्याचा त्यास अधिकार काय, एवढी रुजवात घालावी. फवारणीचे प्रमाण यंत्राने सांगितले तर ते जळगावच्या केळी संशोधन केंद्रातून किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याकडून पडताळून घ्यावे, कारण चुकीच्या बखरीने इतिहास बिघडतो आणि चुकीच्या फवारणीने बाग जाते. डिजिटल सातबाऱ्यावर पडताळणीचा क्रमांक छापलेला असतो तो याचसाठी. कोणी उतारा हातात दिला की तो क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर टाकून नक्कल खरी की खोटी हे पाहता येते. पूर्वी शिरस्तेदाराच्या सहीशिक्क्याकडे आपण डोळे बारीक करून पाहत असू, ते पाहणे आता या क्रमांकाकडे वळवावयाचे आहे.

राहिला प्रश्न हे सारे केव्हा करावे याचा, कारण ‘सवडीने करू’ म्हटलेले काम कधीच होत नाही. खानदेशात सालदाराचे, म्हणजे सालाने ठेवलेल्या गड्याचे, वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपते. त्या दिवशी मालक आणि सालदार समोरासमोर बसतात, वर्षाचे देणे-घेणे पुरे करतात, आणि पुढचे साल ठेवावयाचे की नाही हे ठरवतात. दूरच्या वाड्यात आपले दफ्तर राखणारा, न मागता भाव सांगणारा आणि रात्री-अपरात्री हाकेला ओ देणारा हा नवा सालदारही त्याच दिवशी समोर बसवावा. त्याच्याकडे काय काय दिले आहे ते मोजावे, आपली प्रत उतरवून घ्यावी, किल्ली लागते की नाही हे लावून पाहावे, भाडे परवडते का हे पाहावे, आणि मग पुढचे साल ठरवावे. मोबाइलच्या दुकानातल्या काकांस हा हिशेब समजावून सांगितला, तर ढगाविषयीचा त्यांचा अविश्वास जाणार नाही. तो जाऊही नये. पण कोणत्या दिवशी, कोणत्या वहीत आणि कोणापुढे तो मांडावयाचा, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते.